जपानला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी वेलकम सुइका कार्ड

जपानमध्ये पहिल्यांदाच उतरणाऱ्या प्रवाशाने विमानतळाबाहेर पडण्यापूर्वी वेलकम सुइका हे आधी पैसे भरून ठेवून त्यातून प्रवासभाडे देण्याचे, चेरीच्या फुलांची नक्षी असलेले लाल-पांढरे कार्ड घ्यावे, असे आईसोबत दोन आठवडे तेथे फिरून आल्यावर माझे ठाम मत झाले आहे. पूर्व जपान रेल्वे कंपनीची सुइका ही सेवा 2001 पासून चालू असून, परदेशी पाहुण्यांसाठी काढलेला तिचा हा प्रकार नारिता आणि हानेदा या दोन्ही विमानतळांवर मिळतो. नेहमीच्या सुइकासाठी 500 येन अनामत ठेवावी लागते, ती येथे द्यावी लागत नाही. मात्र हे कार्ड 28 दिवसच चालते आणि त्यात उरलेली रक्कम परत मिळत नाही. कार्डासोबत मिळणारा माहितीचा कागदही प्रवासभर जवळ बाळगावा लागतो.

तोक्योमध्ये जेआर (जपान रेल्वे), तोक्यो मेट्रो आणि तोएई अशा वेगवेगळ्या व्यवस्थांच्या गाड्या धावतात. सुटी तिकिटे काढायची म्हटली, तर प्रत्येक ठिकाणी कोणाची गाडी, कोणते यंत्र आणि किती भाडे हे नव्याने शोधावे लागते, आणि अनोळखी लिपीपुढे उभे राहून ते शोधताना नवखा प्रवासी पहिल्याच दिवशी थकून जातो. कार्ड हाती असले की हा सगळा विचार संपतो: स्थानकात जाताना फाटकावरील यंत्राला टेकवायचे, बाहेर पडताना टेकवायचे, भाडे आपोआप वळते होते. पाण्याची बाटली, सामानाचे लॉकर, कोपऱ्यावरच्या दुकानातला भाताचा ओनिगिरी, बहुतेक ठिकाणी हेच कार्ड चालते.

आईला पहिल्या दिवशी धाकधूक होती. तिने कार्ड यंत्रावरून नुसते फिरवले आणि समोरची दोन लहान दारे मिटली. मागच्या लोकांचा खोळंबा होतो आहे हे पाहून ती कावरीबावरी झाली. पण यंत्राची ती किंचित कललेली चकाकती जागा मुद्दाम तशी केलेली आहे, तिच्यावर कार्ड सपाट ठेवून क्षणभर थांबायचे एवढेच, हे कळल्यावर तिसऱ्या दिवशी ती माझ्या पुढे चालत होती. ज्येष्ठांना परदेशात हातपाय बांधल्यासारखे वाटते, ते या एका वस्तूने बरेच कमी होते, आणि माझ्या लेखी या कार्डाचा सर्वांत मोठा गुण हाच आहे.

एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. प्रत्येकाचे वेगळे कार्ड हवे. सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी अर्ध्या भाड्याचे कार्ड असते, त्यासाठी पासपोर्ट दाखवावा लागतो. कार्डात जास्तीत जास्त 20,000 येन ठेवता येतात. स्थानकावरील बहुतेक यंत्रे पैसे भरण्यासाठी रोख नोटाच घेतात, म्हणून जवळ थोडे येन नेहमी असू द्यावेत. शिल्लक कमी पडून दार अडलेच, तर फाटकाच्या आतल्या बाजूस फरक भरण्याचे यंत्र असते; त्यावर इंग्रजीचे बटण आहे.

खरी अडचण होते ती कार्डाच्या हद्दीची. हेच कार्ड तोक्योत चालते, क्योतोत चालते, ओसाकातही चालते; परंतु तोक्योच्या विभागात कार्ड टेकवून आत शिरायचे आणि साध्या गाड्या बदलत दुसऱ्या विभागात जाऊन तेच टेकवून बाहेर पडायचे, हे जमत नाही. अशा लांबच्या प्रवासाचे कागदी तिकीट आधी काढावे. शिंकानसेन या अतिवेगवान गाडीसाठीही वेगळे तिकीट लागते. ही गोष्ट कार्ड घेतानाच ठळकपणे सांगितली जायला हवी, असे मला मनापासून वाटते.

बसची रीतही गावागणिक बदलते. तोक्यो शहरातील एकाच भाड्याच्या बसमध्ये पुढच्या दाराने चढतानाच कार्ड टेकवतात, तर क्योतोच्या शहर बसमध्ये मागून चढून पुढच्या दाराने उतरताना टेकवतात. तेथील मधल्या भागाचे भाडे 230 येन आहे.

शेवटच्या दोन दिवसांत आम्ही कार्डात थोडेथोडेच पैसे भरले. विमानतळावरच्या दुकानात उरलेली शिल्लक कार्डातून वळती करून घेतली, वरचे पैसे रोख दिले आणि त्यातून आईने शेजारच्या मुलांसाठी बिस्किटांचा डबा घेतला.