चावी काढली तरी दिवे चालूच: जादा दिव्यांच्या वायरिंग किटबद्दल

पिकअपच्या पुढच्या बंपरवर दोन जादा एलईडी दिवे लावायचे म्हणून तयार वायरिंग किट घेतलं. रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), फ्यूज होल्डर, स्विच, दिव्यांचे कनेक्टर सगळं आधीच जोडलेलं येतं. दोन महिने वापरून लिहितोय.

वायर उत्तम आहे. दिव्यांकडे जाणारी २.५ चौरस मिलिमीटरची, आणि खरोखर तांब्याची. मी टोक सोलून, तारा ब्लेडने खरवडून पाहिल्या. आतून चंदेरी निघाल्या असत्या तर वरून तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम ठरलं असतं. माझे दिवे प्रत्येकी ६० वॉटचे, म्हणजे दोघांना १२ व्होल्टवर १० अँपिअर लागतात. एवढ्या करंटला चार मीटर वायरीत साधारण ०.३ व्होल्ट गळतात. ०.७५ची बारीक वायर असती तर जवळजवळ एक व्होल्ट वाटेतच गेला असता. १५ अँपिअरचा फ्यूजही बॅटरीपासून वीतभर अंतरावर आहे, हवा तिथेच. मात्र इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून वायर आत घ्यायला ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसवायचं रबरी कडं, दिलेलं नाही. ते आधीच आणून ठेवा, पत्र्याची धार वायरीचं इन्सुलेशन कापते.

खरी खोट स्विचच्या वायरीत आहे. स्विचला येणारा प्लस किटमध्ये आतल्या आत थेट बॅटरीला जोडलाय. गाडी बंद, चावी खिशात, तरी दिवे चालू राहू शकतात. माझ्याकडून तेच झालं. भर उन्हात दिवे लागलेले दिसलेच नाहीत आणि संध्याकाळी चावी फिरवली तर स्टार्टर नुसता टकटक करत राहिला. ६० अँपिअर-तासांची बॅटरी रिकामी व्हायला सहा तास पुरतात, गाडी सुरू न होण्याइतकी ती त्याआधीच उतरते.

दुरुस्ती सोपी आहे. रिलेच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरीचा प्लस, ८७ मधून दिवे, ८५ ला अर्थिंग (बॅटरीचा मायनस), हे तसंच ठेवलं. स्विचमार्गे ८६ ला जाणारा प्लस तेवढा बॅटरीपासून तोडला आणि फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून तिथून जादा वायर काढून देणारा जोड) लावून वायपरच्या फ्यूजवरून घेतला. चावी बंद असताना तिथे शून्य आणि चालू केल्यावर १२ व्होल्ट येतात, हे मल्टिमीटरने तपासूनच. एअरबॅग किंवा एबीएसच्या फ्यूजला हात लावू नका. टॅप उलटा बसला तर आपला करंटही गाडीच्या मूळ फ्यूजमधून जातो, म्हणून फ्यूज काढून कोणत्या खाचेत सप्लाय येतो ते आधी बघा.

दिव्यांचा पूर्ण करंटच फ्यूज बॉक्समधून घेणारेही मी पाहिलेत. कृपया असं करू नका. रिले चालू करणाऱ्या कॉइलला ०.२ अँपिअरच्या आसपास लागतात, तेवढंच त्या फ्यूजवरून घ्यायचं. दिव्यांचे १० अँपिअर बॅटरीवरूनच यायला हवेत.

किटबरोबरच्या कागदावर यातलं काहीही नाही. ती एक वायर सुटी ठेवली असती आणि ती कुठे जोडायची हे दोन ओळींत सांगितलं असतं, तर पाचपैकी पाच दिले असते. आत्ता साडेतीन.