विमानात अंगावर गांधी उठल्या तेव्हा : एका विमानसेवेबद्दल

दिल्ली-मुंबई मार्गावरच्या एका खासगी विमान कंपनीच्या सेवेबद्दल मी हे लिहीत आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण तिच्याशी माझा पत्रव्यवहार अजून चालू आहे आणि जे सांगायचे आहे ते इतर कंपन्यांच्या प्रवाशांनाही उपयोगी पडेल असे वाटते. आकाशात असताना त्या विमानातल्या कर्मचाऱ्यांनी माझी जी काळजी घेतली, तिला मी पैकीच्या पैकी गुण देईन. खाली उतरल्यानंतर त्याच कंपनीकडून जे वाट्याला आले, त्याला निम्मेही देता येत नाहीत.

आम्ही सावद्याचे, म्हणजे जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यातले. मुलाकडून दिल्लीहून परत येताना संध्याकाळचे विमान घ्यायचे आणि रात्रीच्या गाडीने दादरहून भुसावळला यायचे, असा बेत होता. तिकिटाबरोबरच नोंदवलेला जेवणाचा डबा मिळाला. त्यात पनीरचा रोल, बिस्किटे, रसाची छोटी बाटली आणि फळांची वाटी होती. वाटीत पपई, अननस, द्राक्षे आणि किवीच्या चकत्या होत्या. किवी आमच्या घरी एरवी येत नाही. डेंग्यूच्या तापात रुग्णाला ते फळ आणून देण्याची पद्धत मात्र अलीकडे आमच्या गावापर्यंत पोहोचली आहे आणि तशा आजारपणात मीही ते खाल्लेले होते. तेव्हा घशात थोडी खवखव झाली होती, ती आंबटपणामुळे असेल असेच सगळ्यांना वाटले होते.

डबा संपवून थोडाच वेळ झाला असेल, तोच तळहात आणि कानाच्या पाळ्या खाजू लागल्या. पाहता पाहता मनगटापासून कोपरापर्यंत लालसर, कडेने पांढरट अशा गांधी उठल्या, आणि एकीला दुसरी मिळून त्यांचे पट्टे झाले. सीटचा पट्टा जिथे पोटावर घट्ट बसला होता तिथे, आणि बांगड्यांच्या खाली, त्या सर्वांत दाट होत्या. विमानातली हवा फार कोरडी असते, तिथली आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांच्याही खाली जाते, त्यामुळे खाज आणखी असह्य होते. आमच्या ह्यांनी वरचे बटण दाबून कर्मचाऱ्यांना बोलावले.

आलेली मुलगी मराठी होती. तिने प्रथम चेहऱ्याकडे पाहिले आणि मग एकामागून एक प्रश्न विचारले : श्वास घ्यायला जड जाते का, घसा आवळल्यासारखा वाटतो का, जीभ किंवा ओठ जाड झाल्यासारखे वाटतात का, मळमळते का, चक्कर येते का. हे प्रश्न तिने घाई न करता, पण एकही न गाळता विचारले, आणि मला बोलते ठेवून माझा आवाज घोगरा होतो आहे का हेही ती ऐकत होती. अंगावर नुसत्या गांधी उठणे ही त्रासाची गोष्ट असली तरी जिवावरची नसते. पण तिच्या जोडीला श्वास, आवाज, उलटी किंवा भोवळ यांपैकी काही आले, तर ती संपूर्ण शरीराची तीव्र ॲलर्जी ठरते आणि तिथे मिनिटे मोलाची असतात. हा फरक त्या मुलीला पक्का ठाऊक होता.

त्यानंतर तिने जे केले ते मला कुणीही सांगितले नव्हते. “काकू, बोटं सुजायच्या आत अंगठी आणि बांगड्या काढून घेऊ या,” असे म्हणत तिने हातमोजे घातले, माझ्या मनगटाला लोशन लावले आणि हिरव्या काचेच्या बांगड्या एकही न फोडता, तळवा आत दुमडून, एकेक करून उतरवल्या. अंगठीला वेळ लागला. पाऊण तासाने त्या बोटाची जी गत झाली होती ती पाहता, अंगठी राहिली असती तर ती कापूनच काढावी लागली असती.

विमानात डॉक्टर आहेत का, अशी विचारणा ध्वनिक्षेपकावरून झाली आणि मागच्या रांगेतून एक डॉक्टर बाई उठून आल्या. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या शिफारशीप्रमाणे, शंभरहून अधिक प्रवाशांना घेऊन दोन तासांहून लांब जाणाऱ्या विमानात साध्या प्रथमोपचार पेटीखेरीज डॉक्टरांनी वापरायची वेगळी पेटी असावी लागते. या विमानात ती होती, आणि ती कुठे आहे हे शोधत बसावे लागले नाही. डॉक्टरांनी नाडी आणि रक्तदाब पाहिला, छातीला नळी लावून ऐकले आणि सेटिरिझीन ही ॲलर्जीवरची गोळी दिली. ॲड्रेनलीनची कुपी आणि सुई त्यांनी शेजारच्या सीटवर काढून ठेवली. गांधींच्या खाजेला गोळी चालते, पण श्वास अडकू लागला तर गोळीची वाट पाहायची नसते, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत ॲड्रेनलीनच द्यावे लागते, हे त्यांनी आमच्या ह्यांना समजावून सांगितले. उडत्या विमानातल्या हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा इतका कमी असतो, म्हणून प्राणवायूचा सिलिंडरही पायाशी आणून ठेवला होता. त्याची किंवा कुपीची गरज पडली नाही.

पलीकडच्या एका आजींनी मोठ्या मायेने आमसुलाचे पाणी अंगाला लावायला सांगितले. आमच्याकडेही पित्त उठले की आधी आमसूलच भिजत घालतात. त्याने त्वचेला थंडावा मिळतो हे खरे आहे. परंतु त्वचेतल्या पेशींतून हिस्टामीन हे द्रव्य सुटून सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून पाझर सुरू झालेला असतो, तो बाहेरून लावलेल्या पाण्याने थांबत नाही. घरोघरी हे माहीत असायला हवे, म्हणून मुद्दाम लिहिते.

आणखी एक गोष्ट त्या मुलीने केली, जिची किंमत मला पुढे कळली. माझ्या रिकाम्या डब्याचे झाकण, त्यावरच्या चिठ्ठीसकट, तिने पिशवीत घालून दिले आणि “डॉक्टरांना दाखवा” म्हणून सांगितले.

आता उणी बाजू. त्या चिठ्ठीवर रोलमधले घटक छापलेले होते, गहू, दूध आणि काजू ठळक अक्षरांत होते. फळांच्या वाटीपुढे मात्र ‘ताजी फळे’ एवढेच. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या 2020 च्या लेबलविषयक नियमांत ज्या ॲलर्जीकारक पदार्थांचा ठळक उल्लेख करणे बंधनकारक आहे, त्यांत ग्लूटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व कवचफळे, सोयाबीन आणि सल्फाइट येतात. किवी त्यांत नाही. तेव्हा कंपनीने नियम मोडला असे मी म्हणणार नाही. परंतु रसाच्या बाटलीत, रोलच्या हिरव्या चटणीत आणि त्या वाटीत नेमके काय काय असते, याची एक छापील यादी विमानात ठेवणे अवघड नाही. डॉक्टर बाईंनी ती मागितली तेव्हा कर्मचाऱ्यांपाशी ती नव्हती, आणि हा दोष त्या मुलींचा नव्हे, त्यांना माहिती न देणाऱ्या कार्यालयाचा आहे.

मुंबईला उतरल्यावर वैमानिकाने आधीच कळवल्यामुळे विमानतळावरच्या वैद्यकीय कक्षात लगेच तपासणी झाली. तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट बजावले की अशी ॲलर्जी गोळीने शमली तरी काही तासांनी पुन्हा उसळू शकते, म्हणून आजची रात्र दवाखाना जवळ असेल अशाच ठिकाणी काढा. आम्हा खान्देशातल्या माणसांसाठी हा मुद्दा फार मोठा आहे. मुंबईकर प्रवासी विमानातून उतरून तासाभरात घरी पोहोचतो. आमचा खरा प्रवास तिथून सुरू होतो. दादर ते भुसावळ हे अंतर सव्वाचारशे किलोमीटरांहून अधिक आहे, आणि मध्यरात्री कसारा घाटात किंवा इगतपुरी आणि मनमाडच्या दरम्यान श्वास लागला, तर 139 या रेल्वेच्या मदत क्रमांकावर फोन करून पुढच्या मोठ्या स्थानकावर डॉक्टर येईपर्यंत डब्यातल्या माणसाने काय करावे? आम्ही गाडी सोडली आणि कल्याणला नणंदेकडे राहिलो. पहाटे गांधी खरोखरच पुन्हा उठल्या, सौम्य होत्या, पण उठल्या.

विमानतळावर डॉक्टर हे सारे बजावत होते, नेमक्या त्याच वेळी कंपनीचा जमिनीवरचा कर्मचारी आम्हाला घाई करत होता. चाकांची खुर्ची परत न्यायची आहे, सामान लवकर उचला, एवढेच त्याला ठाऊक होते. विमानात काय घडले याची एक ओळही त्याच्यापर्यंत पोहोचलेली नव्हती. वर इतकी जाणती माणसे असताना खाली येताच सारे तुटावे, याचे मला मनापासून वाईट वाटले. प्रवाशाला पुढे कुठे जायचे आहे आणि किती लांब, एवढे जरी त्याने विचारले असते तरी पुरे होते.

जळगावच्या त्वचारोगतज्ज्ञांनी ते झाकण पाहिले आणि मग मला न सुचलेले प्रश्न विचारले : केळे खाल्ल्यावर तोंडात खाज येते का, फुगा फुगवल्यावर ओठ खाजतात का, रबरी हातमोजे घातल्यावर हात लाल होतात का. नैसर्गिक रबराच्या चिकातली काही प्रथिने आणि केळी, किवी, ॲव्होकॅडो, चेस्टनट यांतली काही प्रथिने रचनेने इतकी सारखी असतात, की एकाची ॲलर्जी असणाऱ्याला दुसऱ्याचीही असू शकते. ज्या जिल्ह्याच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, जिथे प्रसादात, उपवासाला आणि वाटेत शिदोरी म्हणूनही केळेच असते, तिथल्या बाईला हे ऐकताना काय वाटले असेल हे सांगायला नको. ॲलर्जीची गोळी आठवडाभर बंद ठेवून नंतर त्वचेवर चाचणी घेतली. ताज्या किवीत सुई टोचून तीच सुई हातावर टोचली, तेव्हा काही मिनिटांतच पावलीएवढी गांध उठली. केळ्याला हात स्वच्छ राहिला. रबराची चाचणी व्हायची आहे.

म्हणून कंपनीला मी लेखी दोन गोष्टी विचारल्या. त्या दिवशीच्या डब्यातल्या प्रत्येक पदार्थाची घटकयादी द्यावी, ही पहिली. विमानातल्या पेटीतले हातमोजे नैसर्गिक रबराचे असतात की नायट्राइल या कृत्रिम रबराचे, ही दुसरी. कारण ज्या मायाळू हातांनी माझ्या बांगड्या उतरवल्या, त्यांवरचे मोजे जर रबराचे असतील, तर ॲलर्जीच्या रुग्णावर उपचार करताना तेच ॲलर्जीचे कारण ठरू शकते. आधी ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ असे ठरीव मजकुराचे उत्तर आले, दुसऱ्यांदाही तेच आले. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा संकेतस्थळावर तक्रार नोंदवल्यावर घटकयादी मिळाली, तीही नीटनेटकी आणि पूर्ण. ती त्यांच्यापाशी मुळात होतीच, तर विमानात का नव्हती?

या मार्गावर जाणाऱ्यांना मी ही सेवा घेऊ नका असे सांगणार नाही. ज्यांना कशाचीही ॲलर्जी आहे त्यांनी डबा न नोंदवता घरची भाकरी-चटणी न्यावी, गोळी सामानाच्या बॅगेत न टाकता हाताशी ठेवावी, आणि विमानात चढतानाच कर्मचाऱ्यांना सांगून ठेवावे. ते ऐकून घेतात, हा माझा अनुभव आहे. त्या मुलीचे आणि तिच्या सहकाऱ्यांचे कौतुक मी वेगळ्या पत्राने कळवले असून ते त्यांच्या सेवानोंदीत जावे अशी विनंती केली आहे. हातमोज्यांच्या प्रश्नाला अजून उत्तर नाही. मुलाकडे पुन्हा जायचे आहेच. उत्तर आले, तर तिकीट याच कंपनीचे काढीन.