डॉक्टरांना घरी कधी बोलवायचं: आप्पांच्या आजारपणातले अकरा महिने

माझे सासरे, आप्पा, वय ८२. गेल्या पावसाळ्यात न्हाणीघरात पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन घरी आले तेव्हा प्रश्न उभा राहिला तो जिन्याचा. आमची इमारत डोंबिवलीतली जुनी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. साध्या तपासणीसाठी त्यांना खाली नेणं म्हणजे चार माणसं, एक खुर्ची आणि आप्पांचं कण्हणं. म्हणून आमच्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांना घरी येण्याची विनंती केली. अकरा महिन्यांत ते चौदा वेळा आले. व्हिजिटचे ते ७०० रुपये घेतात. ज्यांच्या घरी असंच कुणी अंथरुणावर आहे, त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहिते आहे.

आधी माझी चूक सांगते, कारण ती जिवावर बेतली होती. तिसऱ्या महिन्यात एका पहाटे आप्पांना धाप लागली. उशा लावून बसवलं तरी श्वास पुरेना. दवाखाना साडेनऊला उघडतो, डॉक्टरांना इतक्या लवकर कसं उठवायचं, या संकोचात मी चाळीस मिनिटं घालवली. शेवटी फोन केला. त्यांनी विचारलं, "सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) किती?" मी म्हटलं, "अठ्ठ्याऐंशी." ते म्हणाले, "वहिनी, मी येत नाही. १०८ लावा, आत्ताच. माझ्या बॅगेत स्टेथोस्कोप आहे, ऑक्सिजन नाही."

फुप्फुसात पाणी झालं होतं. तीन दिवस आयसीयूत काढले. घरची व्हिजिट कशासाठी नाही, हे मला त्या एका वाक्यात कळलं. छातीत दुखणं किंवा दाब, अचानक धाप, तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, जीभ जड होणं, शुद्ध हरपणं, न थांबणारं रक्त, रक्त पातळ करण्याची गोळी चालू असताना डोक्याला मार, यातलं काहीही असेल तर कुणाचीही वाट बघू नका. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन लागतो. डॉक्टर घरी येऊन बघेपर्यंत त्यातलाच वेळ जातो. १०८ ची गाडी आपल्या राज्यात २०१४ पासून आहे आणि तिला पैसे पडत नाहीत.

मग बोलवायचं कधी? माझ्या अनुभवात, जिथे आजार हळूहळू बदलतोय आणि माणसाला हलवण्यानेच त्रास वाढणार आहे, तिथे. लघवीची नळी बदलणं, जखम बघणं, पाठीच्या खाली लाली दिसणं. माकडहाडापाशी अशी लाली आली तेव्हा डॉक्टरांनी तिच्यावर बोट दाबून मला दाखवलं: बोट काढल्यावर जागा क्षणभर पांढुरकी होते का बघा. होत नसेल तर आत इजा सुरू झाली आहे. त्या दिवसापासून दर दोन तासांनी कूस बदलणं सुरू झालं, रात्रीही. व्रण पुढे झालाच नाही.

दुसरं म्हणजे वागण्यातला अचानक फरक. एका रात्री आप्पा "मला घरी सोडा, आई वाट बघते" म्हणायला लागले. ताप नव्हता. नवरा म्हणाला, वयानं होतं. मीही तसंच समजले असते, पण परवापर्यंत पेपर वाचणारा माणूस दोन दिवसांत असा कसा होईल? दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले, लघवी तपासायला पाठवली, जंतुसंसर्ग निघाला. औषध सुरू झाल्यावर चार दिवसांत आप्पा पूर्ववत झाले. म्हाताऱ्या माणसांत संसर्ग कधी कधी तापाऐवजी अशा भ्रमातूनच दिसतो. असं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

पण चौदा व्हिजिटींमधली सगळ्यात मोलाची होती श्रीखंडाच्या डब्याची. एका दुपारी आप्पा घामाघूम झाले, बोलणं तुटक. ग्लुकोमीटरवर साखर ५८. गिळता येत होतं, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी ८४ झाली, मग पोळी-भाजी भरवली. डॉक्टरांना फोन केला तर तासाभरात आले. नाडी, बीपी बघून झालं आणि म्हणाले, "गोळ्या कशात ठेवता? तो डबाच आणा." श्रीखंडाचा रिकामा डबा आमचा, त्यात सगळ्या स्ट्रिप्स. त्यांनी डबा खाटेवर पालथा केला, टॉर्च धरून एकेक स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचली आणि दोन स्ट्रिप्स शेजारी ठेवल्या. एक हिरवी, एक चंदेरी, नावं वेगळी. आत औषध एकच, ग्लिमेपिराइड, मधुमेहात साखर उतरवणारं. आयसीयूतून घरी सोडताना त्याच औषधाची दुसऱ्या कंपनीची गोळी लिहून दिली होती, जुनी आम्ही बंद केलीच नव्हती. तीन आठवडे आप्पा दुप्पट डोस घेत होते, आणि तो मी माझ्या हातानं देत होते.

या गोळीनं उतरलेली साखर पुन्हा घसरू शकते, म्हणून रात्री नऊ, बारा आणि तीनला तपासायला सांगितलं, परत ७० च्या खाली गेली तर सरळ हॉस्पिटल. दवाखान्यात गेलो असतो तर मी कागद दाखवला असता, डबा नाही. कागदावर सगळं बरोबरच होतं.

एक तक्रारही आहे. एका रविवारी आमचे डॉक्टर गावाला गेले होते, तेव्हा ॲपवरून दुसरे बोलावले. त्यांनी अशक्तपणा बघून लगेच सलाईनची तयारी केली. मी डिस्चार्ज कार्ड पुढे केलं तर न वाचता बाजूला ठेवलं. फुप्फुसात पाणी झालेल्या माणसाला असं सलाईन महागात पडू शकतं. मी नको म्हटलं, आणि त्यांना ते आवडलं नाही. अनोळखी डॉक्टर आले तर विचारायला भिऊ नका.

बोलवताना सकाळी दहाच्या आत फोन करावा. आमचे डॉक्टर दुपारी दोन ते पाच या वेळात येतात, दवाखाना बंद असतो तेव्हा. ताप, नाडी, सॅच्युरेशन, साखर, लघवी किती झाली आणि शेवटचं कधी जेवले, हे लिहून ठेवून सांगावं. निम्म्या वेळा फोनवरच काम होतं. नुसतं रक्त तपासायला द्यायचं असेल तर लॅबचा माणूस घरी येतो, डॉक्टर कशाला? आणि येणार असतील तर खाटेजवळ चांगला दिवा, खुर्ची, साबण, धुतलेला टॉवेल तयार हवा.

आणखी एक गोष्ट, बोलायला जड जाते पण सांगते. खालच्या मजल्यावरच्या आजी घरीच गेल्या. घरी मृत्यू झाल्यावर कारणाचा वैद्यकीय दाखला, नमुना ४-अ, शेवटच्या आजारात उपचार करणारे डॉक्टर देतात. आजींना महिनोन्महिने कुणी डॉक्टरांनी पाहिलंच नव्हतं. देह घरात आणि मुलगा दाखल्यासाठी दारोदार, हे आम्ही पाहिलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला, सगळं ठीक असलं तरी, ठरावीक दिवसांनी डॉक्टरांनी बघून जावं असं तेव्हापासून मला वाटतं.

गेल्या महिन्यात मी पुन्हा व्हिजिटसाठी फोन केला. डॉक्टरांनी विचारलं, "वॉकरवर गॅलरीपर्यंत जातात ना?" हो म्हटलं. "मग मी येणार नाही. त्यांना घेऊन या, सावकाश." तीन मजले उतरायला पंचवीस मिनिटं लागली. प्रत्येक मजल्यावर खुर्ची ठेवली होती. दवाखान्यात आप्पांनी आपला नंबर येईपर्यंत बाकावर बसून पेपर वाचला.