बहीरा मठवासी: सहा व्याख्यानांच्या एका ध्वनिमुद्रित मालिकेविषयी

इस्लामच्या प्रारंभकाळातील परंपरेत बालवयातील मुहंमद यांना भावी प्रेषित म्हणून ओळखणाऱ्या बहीरा या ख्रिस्ती मठवासीवरील सहा व्याख्यानांची मराठी मालिका मी गेल्या महिन्यात 1,500 रुपये भरून घेतली. चमत्काराचे रसभरित निरूपण किंवा त्याची टवाळी, यांपैकी काहीतरी पदरी पडेल अशी धास्ती होती; ती खोटी ठरली. कोणती गोष्ट कोण, केव्हा आणि कशासाठी सांगतो, हे व्याख्यात्यांनी शेवटपर्यंत वेगवेगळे ठेवले आहे.

पहिली दोन व्याख्याने मुहंमद यांचा आठव्या शतकातील चरित्रकार इब्न इसहाक याच्या वृत्तान्ताला दिली आहेत. हा वृत्तान्त आज मुख्यतः इब्न हिशामच्या संस्करणातून वाचायला मिळतो. अबू तालिब व्यापारी तांड्याबरोबर सीरियाकडे निघतात, पोरका पुतण्या मुहंमद त्यांना सोडायला तयार होत नाही, आणि सीरियातील बुसरा या गावी तांडा उतरतो. एरवी तांड्यांकडे ढुंकूनही न पाहणारा बहीरा त्या दिवशी सगळ्यांना जेवायला बोलावतो, कारण त्यांच्यापैकी एकावर ढगाने सावली धरल्याचे त्याने मठातून पाहिलेले असते. तो मुलगा मात्र पंगतीत नसतो. वयाने लहान म्हणून त्याला झाडाखाली सामानापाशी बसवलेले असते. पुढे बहीरा त्याला लात आणि उज्जा या देवतांची शपथ घालतो, मुलगा ती शपथ झिडकारतो, आणि अल्लाहच्या नावाने विचारल्यावर आपल्या झोपेविषयी व सवयींविषयी उत्तरे देतो. शेवटी बहीराला त्याच्या दोन्ही खांद्यांमध्ये प्रेषितत्वाची खूण दिसते. हे ऐकताना नवजात सिद्धार्थाची लक्षणे पाहणारे असित मुनी मराठी श्रोत्याला आठवणारच, पण व्याख्यात्यांनी त्यांचा उल्लेखही केलेला नाही, ही उणीव मला जाणवली.

मालिकेचा खरा ऐवज तिसऱ्या व्याख्यानात आहे. तिर्मिजीच्या हदीससंग्रहातील (प्रेषितांविषयीच्या परंपरागत कथनांच्या संग्रहातील) पाठात परतीच्या वाटेवर अबू बक्र, म्हणजे पुढे पहिले खलिफा झालेले मुहंमद यांचे सहकारी, या मुलासोबत बिलाल या पुढे त्यांनी मुक्त केलेल्या गुलामाला पाठवतात. अझ-झहबी या चौदाव्या शतकातील मुस्लिम पंडिताने यावर बोट ठेवले: अबू बक्र तेव्हा जेमतेम दहा वर्षांचे होते आणि बिलाल यांना त्यांनी विकत घेतले ते कितीतरी वर्षांनी. शिवाय या पाठात झाडाची सावलीही मुलाकडे झुकते; डोक्यावर ढगाची सावली असताना ती कशी झुकेल, असाही त्याचा प्रश्न आहे. परंपरेची चिकित्सा परंपरेच्या आतूनच कशी होत असे, हे यापेक्षा चांगल्या उदाहरणाने सांगता आले नसते. मी हे व्याख्यान दोनदा ऐकले.

चौथ्या व्याख्यानात मात्र घाई झाली आहे. आठव्या शतकात दमास्कसचा योहान या ख्रिस्ती धर्मपंडिताने आपल्या लिखाणात मुहंमद यांची एका एरियन (येशूला देवाच्या बरोबरीचा न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या) मठवासीशी गाठ घालून दिली, पण त्याचे नाव दिले नाही. पुढे सिरियाक (पूर्वेकडील ख्रिस्ती लोकांची जुनी भाषा) आणि अरबी भाषांतील ख्रिस्ती आख्यानांत तो सर्गियस बहीरा झाला आणि ज्याची साक्ष मुस्लिम कथेत प्रेषितत्वाच्या बाजूने होती, तोच इथे कुराणामागचा शिक्षक ठरला. ‘बहीरा’ हे सिरियाक भाषेत मुळात ‘पारखलेला’ अशा अर्थाचे, मठवासीयांना लावले जाणारे विशेषण आहे, ही कळीची गोष्ट एका वाक्यात उरकली आहे. रशीदुद्दीन या इराणी इतिहासकाराच्या इतिहासग्रंथाच्या एडिंबरा येथील हस्तलिखितात या भेटीचे चित्र आहे. त्यावर पाचव्या व्याख्यानात समाधानकारक विवेचन आहे. सहावे बुसऱ्याच्या काळ्या बेसाल्टमधील अवशेषांवर आहे आणि ते ओळख म्हणून ठीक आहे.

सोबतच्या टिपणाची पुस्तिका मात्र निष्काळजीपणे छापली आहे. अरबी शब्दांची अक्षरे सुटी होऊन उलट्या क्रमाने उमटली आहेत, आणि मठवासीचे नाव सर्वत्र ऱ्हस्व ‘हि’ घालून ‘बहिरा’ असे आल्यामुळे मराठी वाचकाला तो बिचारा ऐकू न येणारा वाटावा! एका पानावर तर ‘बहिरा मुलाचे बोलणे लक्षपूर्वक ऐकतो’ असे वाक्य आहे. तक्रार केल्यावर अकराव्या दिवशी सुधारित प्रत विनामूल्य आली. तिच्यात अरबी अक्षरे नीट जोडलेली आहेत, बहिरा मात्र बहिराच राहिला आहे.