पहिला लार्ज फॉरमॅट कॅमेरा: मसाई पठारासाठी कोणता, खिद्रापूरसाठी कोणता?

लार्ज फॉरमॅट, म्हणजे मोठ्या सुट्या फिल्मवर एकेक फोटो काढणारा कॅमेरा, घ्यायचं ठरलं की पहिली चर्चा कंपनीच्या नावावरून सुरू होते. ती थोडी मागे ठेवा. कॅमेरा गाडीपासून किती लांब जाणार आहे, हे आधी ठरवा. कोल्हापुरात राहणाऱ्यासमोर याची दोन टोकं आहेत. एक, पन्हाळा–पावनखिंड वाटेवरचं मसाई पठार. तिथे सगळं पाठीवर आणि वाऱ्याला अडवायला झाडसुद्धा नाही. दुसरं, खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर. तिथे ओझ्याचा प्रश्न नाही, पण खांब सरळ दिसले पाहिजेत, मंडपात उजेड कमी आणि मागे सरायला जागा मोजकी. एकच कॅमेरा दोन्हीकडे चालतो, पण सारखाच चांगला चालत नाही.

खालची तुलना ४×५ इंच फिल्मच्या घडीच्या कॅमेऱ्यांपुरती आहे. ८×१० पहिल्यांदा नको. फिल्मचं क्षेत्रफळ चौपट, त्यामुळे प्रत्येक चुकीची किंमतही त्याच हिशेबात. सायनार किंवा कॅम्बोचे मोनोरेल, म्हणजे एका दांडीवर बसवलेले कॅमेरे, जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात आणि लेन्स-फिल्म उचलण्या-झुकवण्याच्या सगळ्या हालचाली देतात, पण सॅकमध्ये मावत नाहीत.

चार पर्याय

इन्ट्रेपिड हा इंग्लंडमधल्या ब्रायटनचा बर्च प्लायवूडचा कॅमेरा. वजन सुमारे १.२ किलो, बेलोज (लेन्स आणि फिल्ममधला घड्यांचा भाता) साधारण ३०० मिमीपर्यंत उघडतात, आणि नव्या कॅमेऱ्यांत सर्वांत परवडणारा. पुढच्या, म्हणजे लेन्सच्या फ्रेमला राइज (वर उचलणं), शिफ्ट (बाजूला सरकवणं), टिल्ट (पुढेमागे झुकवणं), स्विंग (डावीउजवीकडे वळवणं) सगळं आहे, मागच्या, म्हणजे फिल्मच्या फ्रेमला टिल्ट. उणीव पक्केपणाची. स्क्रू घट्ट पिळले तरी पुढची फ्रेम बोटाने ढकलली की किंचित हलते. होल्डर (फिल्म ठेवायची चपटी पेटी) सरकवताना फोकस बिघडतो तो इथेच. होल्डर आत घालताना एका हाताने मागची फ्रेम धरायची सवय लावून घ्या.

शॅमोनी ०४५ हा चिनी बनावटीचा, लाकूड आणि कार्बन फायबरचा कॅमेरा. वजन दीड किलोच्या आसपास, म्हणजे इन्ट्रेपिडपेक्षा दोनतीन वाट्या तांदळाइतकं जास्त. पण किंमत दुपटीहून वर. त्या पैशांत काय मिळतं? बेलोज जवळपास ३९० मिमीपर्यंत, मागच्या फ्रेमलाही खऱ्या हालचाली, आणि स्क्रू आवळल्यावर कॅमेरा गप्प उभा राहतो. पुढची फ्रेम मात्र प्रत्येक वेळी पाट्यावरच्या (कॅमेऱ्याच्या खालच्या फळीवरच्या) भोकात स्क्रूने बसवावी लागते. पहिले काही दिवस हे जाचक वाटतं. तो स्क्रू गवतात पडला तर दिवस संपला, म्हणून एक जादा स्क्रू सॅकच्या कप्प्यात कायमचा ठेवा.

टोयो ४५ए किंवा विस्टा ४५ हे धातूचे जपानी कॅमेरे, बहुतेक वेळा जुनेच घ्यावे लागतात. अडीच ते तीन किलो. उघडायला सोपे, खणखणीत, पावसाळी हवेत लाकडासारखे फुगत नाहीत. फिरती पाठ असल्यामुळे आडव्याची उभी चौकट क्षणात होते. लेन्सबोर्डच्या, म्हणजे लेन्स जिच्यावर बसते त्या पट्टीच्या, बाबतीत मात्र फरक आहे. विस्टा, इन्ट्रेपिड आणि शॅमोनीला लिनहॉफ पद्धतीचा ९६×९९ मिमीचा बोर्ड चालतो. टोयोचा बोर्ड ११० मिमीचा चौकोनी आहे, तिथे अॅडॉप्टर लागतो.

क्राउन ग्राफिक हा १९४७ ते १९७३ या काळातला अमेरिकन प्रेस कॅमेरा. पेटीसारखा मजबूत, लेन्ससकट स्वस्त मिळतो आणि रेंजफाइंडर (अंतरावरून फोकस जुळवणारं यंत्र) जुळलेला असेल तर हातात धरूनही वापरता येतो. पण मागची फ्रेम हलत नाही, राइज मोजकी, आणि पुढची फ्रेम फक्त मागेच झुकते. पुढे टिल्ट हवा असेल तर पाटा खाली पाडून मग फ्रेम मागे ओढत जुळवावं लागतं. घेताना मागची पाठ ग्राफलॉक (काच काढून दुसरी पाठ लावता येणारी) आहे ना ते पाहा. आधीची स्प्रिंगची पाठ निघत नाही, त्यावर रोल फिल्मची पाठ बसत नाही.

हालचाल किती लागते

जाहिरातीत अंशांचे मोठे आकडे असतात. प्रत्यक्षात किती लागतात ते मोजू.

पठारावर फुलांच्या दिवसांत कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर आहे आणि पायाजवळच्या फुलापासून क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट हवं. फोकसचं प्रतल जमिनीवर झोपवायला १५० मिमी लेन्सला जेमतेम ६ अंश टिल्ट लागतो. ९० मिमीला साडेतीन अंशही पुरे. फुलांच्या उंचीची गरज मग एफ/२२ (लेन्सचं बारीक केलेलं छिद्र) भागवतं. नवशिका पंधरा अंश झुकवतो, दूरचा डोंगर धूसर होतो आणि दोष लेन्सला देतो. म्हणून टिल्ट किती मिळतो याला फार महत्त्व नाही. झुकवलेली फ्रेम परत बरोबर शून्यावर येते का, याला आहे. धातूच्या बहुतेक कॅमेऱ्यांत शून्यावर खटका लागतो. हलक्या लाकडी कॅमेऱ्यांत बऱ्याचदा राइज आणि टिल्टचा स्क्रू एकच असतो, टिल्टसाठी सैल केला की फ्रेम खालीही घसरते. बाजूला पांढऱ्या रंगाची बारीक रेघ मारून ठेवली तर निम्मा त्रास वाचतो.

कोपेश्वराचं गणित वेगळं. कॅमेरा वर वाकवला की खांब आत झुकतात. म्हणून स्पिरिट लेव्हलवर कॅमेरा सपाट ठेवायचा आणि लेन्स वर उचलायची. १५० मिमी लेन्स ३० मिमी उचलली तर दहा मीटरवरच्या खांबाचा दोन मीटर वरचा भाग चौकटीत येतो. ९० मिमीला तेवढ्याच राइजमध्ये सव्वातीन मीटर. स्वर्गमंडपाच्या गोल उघड्या छतापर्यंत पोचायचं तर ९० मिमीच हवी, आणि इथे क्राउन ग्राफिक मागे पडतो. त्याची राइज संपते, आणि वाइड लेन्सला पाटा खाली पाडला नाही तर त्याची कडा चौकटीत दिसते. संरक्षित वास्तूत ट्रायपॉड लावायची परवानगी आधी विचारून घ्या, दारात वाद घालण्यात उजेड निघून जातो.

पैसे लेन्सवर

कॅमेऱ्यात थोडी काटकसर चालेल, लेन्स-शटरमध्ये नाही. पहिली लेन्स १५० मिमी एफ/५.६ घ्या. श्नायडर सिमार-एस, रोडेनश्टॉक सिरोनार-एन, फुजिनॉन किंवा निकॉर, चारही उत्तम. सिमार-एसचं प्रतिमावर्तुळ (लेन्स जेवढ्या गोलात प्रतिमा पाडते त्याचा व्यास) एफ/२२ला २१० मिमी आहे. त्यात उभ्या चौकटीत सुमारे ३३ मिमी राइज कोपरे काळे न पडता मिळते. ९० मिमी घेताना एक सापळा आहे. जुनी अँगुलॉन एफ/६.८ आणि सुपर-अँगुलॉन एफ/८ या वेगळ्या लेन्स आहेत. पहिलीचं वर्तुळ फिल्मला जेमतेम पुरतं, राइजला काही उरत नाही. दुसरीचं २१६ मिमी आहे. अँगुलॉन स्वस्त दिसते म्हणून मंदिरासाठी घेऊ नका.

बोर्ड मात्र इथेच करून घेता येतो. बाबूराव पेंटरांनी १९१८ साली स्वतःचा सिनेकॅमेरा बनवला त्या गावात अॅल्युमिनियमच्या पट्टीला भोक पाडणं ही मोठी गोष्ट नव्हे. उद्यमनगरातल्या टर्नरकडे मोजमाप तोंडी सांगू नका, नमुन्याला एक मूळ बोर्ड न्या. भोक शटरच्या मापावर ठरतं: कोपल ० शटरचं ३४.६ मिमी, कोपल १चं ४१.६ मिमी. भोकाच्या कडा घासून घ्या आणि काळं अॅनोडायझिंग करा. चकचकीत अॅल्युमिनियम बेलोजच्या आत उजेड फेकतं आणि निगेटिव्ह फिकट धुरकट येते.

जुना कॅमेरा हातात घेतल्यावर

अंधाऱ्या खोलीत बेलोज पूर्ण ताणा, आत टॉर्च ठेवा आणि घड्यांचे कोपरे सावकाश पाहा. छिद्रं जवळजवळ नेहमी कोपऱ्यातच असतात. एखाददुसरं काळ्या लवचीक रंगाने बुजवता येतं. दहा दिसली तर बेलोज बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करा.

ग्राउंड ग्लासची, म्हणजे फोकस बघायच्या मागच्या काचेची, खरखरीत बाजू लेन्सकडे असली पाहिजे. कुणी पुसताना उलटी बसवली असेल तर काचेच्या जाडीमुळे साधारण मिलिमीटरभर फोकस चुकतो. काचेवर सगळं टोकदार, फिल्मवर सगळं मऊ. बऱ्याच ग्राफिकमध्ये काचेच्या पुढे फ्रेनेल (कडांनाही उजेड देणारी चपटी भिंगपट्टी) असते, ती काढून टाकलेली असेल तरी हाच दोष येतो.

शटर १ सेकंदावर लावून फोनमध्ये आवाज रेकॉर्ड करा. दोन खटक्यांमधलं अंतर मोजा. सव्वा सेकंद येत असेल आणि दर वेळी तेवढंच येत असेल तर हरकत नाही. कधी १, कधी २ सेकंद येत असेल तर आतलं ग्रीस वाळलेलं आहे, साफसफाई लागणार. लेन्सच्या आतून टॉर्च मारून बुरशीचे धागे बघा. आपल्या जून ते सप्टेंबरच्या हवेत ती वाढतच जाते.

मग घ्यायचा कोणता?

भटकंती मुख्य असेल आणि पैसे असतील तर शॅमोनी. पैसे नसतील तर इन्ट्रेपिड घ्या आणि वाचलेले पैसे चांगल्या १५० मिमीत घाला. जुन्या, अडकणाऱ्या शटरसह महाग कॅमेरा घेण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं. मात्र हलक्या कॅमेऱ्यावर हलका ट्रायपॉड लावू नका. उघडलेले बेलोज वाऱ्यात शिडासारखे वागतात. ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला सॅक टांगा, ती जमिनीला टेकलेली असू द्या म्हणजे स्वतः झुलणार नाही, आणि वाऱ्याच्या दोन झोतांमधली शांतता साधून शटर सोडा.

पन्हाळ्याचा तीन दरवाजा, खिद्रापूर, पंचगंगेचा घाट, असं गाडीजवळचं काम जास्त असेल तर धातूचा कॅमेरा. जास्तीचा दीड किलो तिथे अडचण नाही, आधार आहे. क्राउन ग्राफिक माणसांचे फोटो काढणाऱ्यानेच घ्यावा. तालमीतल्या पैलवानाचं पोर्ट्रेट त्यावर सुरेख येईल, मंदिर येणार नाही.

कॅमेऱ्याबरोबर निदान पाच होल्डर घ्या, म्हणजे दहा फोटो. भरताना उभ्या फिल्मच्या खाचा वरच्या उजव्या कोपऱ्यात बोटाला लागल्या की इमल्शन (उजेड टिपणारी बाजू) आपल्याकडे आहे. डार्क स्लाइडची, म्हणजे होल्डरच्या सरकत्या झाकणाची, पांढरी बाजू बाहेर म्हणजे फिल्म कोरी, काळी बाहेर म्हणजे फोटो काढलेला. पांढऱ्या बाजूला अंधारात चाचपायला उंचवटे असतात. स्लाइड परत घालताना उलटायची राहिली तर एकाच फिल्मवर दोन फोटो येतात, म्हणून शटर सुटल्यावर दुसरं काहीही करण्याआधी स्लाइड काळी करून आत सरकवा.