रियुनियनची वर्गणी आणि नागावचा बंगला

आमच्या बी.कॉम.च्या बॅचला 25 वर्षं झाली म्हणून दिवाळीनंतर सगळ्यांनी भेटायचं ठरलं. 38 जण तयार झाले. कॉलेज साताऱ्याचं, पण निम्मी मंडळी आता मुंबई-ठाण्यात. म्हणून भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडवा आणि पुढे अलिबागजवळच्या नागावला एखादा बंगला, असा बेत झाला. पैसे गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. त्यातले 96,000 रुपये मी एका भामट्याला देऊन बसले. आता डिसेंबरच्या सहलींसाठी अनेक ग्रुपवर वर्गणी जमत असेल, म्हणून झालं ते जसंच्या तसं लिहिते आहे.

माणशी 4,800 रुपये ठरले होते. 4,000 राहण्या-जेवणाचे, 800 टी-शर्ट आणि सरांच्या सत्काराचे. येण्या-जाण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा. बहुतेकांनी त्याच रात्री पाठवले. आमची एक मैत्रीण शिवणकामावर घर चालवते. तिचे आधी 2,000 आले, मग 2,000, मग 800, आणि दरवेळी खाली लिहिलेलं, ‘उशीर झाला, रागावू नकोस गं.’ माझ्या खात्यात जमा झालेली रक्कम अशा पैशांची होती.

बंगला नेटवर शोधला. फोटो सुंदर, नारळाची झाडं, पोहायचा तलाव, आणि दर बाजारापेक्षा थोडासाच कमी. फार स्वस्त असता तर मी सावध झाले असते. फोनवरचा माणूस अदबीने बोलणारा. ‘ताई, चाळीस माणसांचं जेवण आमच्याकडे नेहमीचं आहे, पापलेट हवं की सुरमई एवढं सांगा.’ त्याने तलावाचा व्हिडिओ पाठवला. काठावर एक निळी बादली, तिच्यावर लाल मग. व्हिडिओ कॉल करून बंगला दाखवा म्हटलं तर ‘इथे रेंज नाही ताई’. त्याच दुपारी, बुधवारी, पुन्हा फोन. ‘ठाण्याची पार्टी थांबली आहे, सहापर्यंत निम्मे पैसे आले नाहीत तर मला त्यांना द्यावा लागेल.’ मी पाच वाजता 76,000 पाठवले. यूपीआयवर बंगल्याचं नाव न येता कुणा परक्याच माणसाचं नाव आलं. विचारलं तर म्हणाला, अकाउंटंटचं खातं आहे. पिन टाकायच्या आधी आलेलं ते नाव ही शेवटची खूण होती आणि मी तिच्यावरून पुढे गेले. गुरुवारी ‘परत मिळणारं डिपॉझिट’ म्हणून आणखी 20,000 गेले.

त्याने बिलही पाठवलं होतं, शिक्क्यासकट. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे 27. या बिलावर 24 होते, म्हणजे गुजरात. मी रोज बिलं बघते, पण हे बिल मी वाचलंच नाही, नुसतं ग्रुपवर टाकलं. त्यावर 38 जणांचे अंगठे आले. एकानेही काही विचारलं नाही, कारण पैसे वर्गातल्याच कुणाकडे आहेत म्हटल्यावर विचारणं बरं दिसत नाही. फसवणारे नेमकं हेच ओळखून असतात.

शुक्रवारपासून त्याचा फोन लागेना. तेव्हाच मला कळलं होतं, पण मी गप्प राहिले. सगळ्यांना काय तोंड दाखवू, या एका विचारात दोन दिवस घालवले. रविवारी पेणला राहणारा मित्र सहज बंगला बघायला गेला. राखणदार म्हणाला, ‘हा बंगला भाड्याने देतच नाहीत. या महिन्यात तुम्ही तिसरे.’

रविवारी रात्री मी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. पैसे ज्या खात्यात गेले तिथे ते पडून असतील तर बँक ते गोठवू शकते. माझ्या तक्रारीत 11,400 रुपये अडकले, बाकीचे गुरुवारी रात्रीच पुढे सरकले होते. बुधवारी, निदान गुरुवारी दुपारी फोन केला असता तर जास्त हाती लागले असते. बँकेकडून भरपाई मिळेल असंही समजू नका. रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये आणलेला, तीन दिवसांत कळवलं तर भरपाई देणारा नियम तुमच्या परवानगीशिवाय गेलेल्या पैशांसाठी. आपणच पिन टाकून पाठवलेले त्यात बसत नाहीत. गोठवलेली रक्कम सोडवायला मी कोर्टात अर्ज केला आहे.

तेव्हा गावात ओळखीचं कुणी असेल तर पैसे द्यायच्या आधी त्याला पाठवा. आमचा मित्र पेणहून तासाभरात पोचला, तो बुधवारीही पोचला असता. वर्गणी एकट्याच्या खात्यात ठेवू नका, आणि पाठवायच्या आधी यूपीआयवर आलेल्या नावाचा फोटो ग्रुपवर टाका. शंका आली तर लाज बाजूला ठेवून त्याच मिनिटाला 1930 लावा.

शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणीचे 4,800 मी सगळ्यांत आधी परत केले. बाकीच्यांचे हप्त्याने देते आहे, ‘राहू दे’ म्हणणाऱ्यांनाही.

काल रात्री पुन्हा शोधलं. तोच बंगला दुसऱ्या नावाने, दुसऱ्या नंबरने डिसेंबरसाठी भाड्याने आहे. व्हिडिओ मात्र तोच, तलावाच्या काठावर निळी बादली आणि तिच्यावर लाल मग.