हेडलाइट उघडल्यावर बंद कशाने करायचा: ब्युटाइल की सिलिकॉन?

प्रोजेक्टर (प्रकाश एकवटून पुढे टाकणारं भिंग) बसवायचा, बेझल (काचेआतली शोभेची चौकट) काळं करायचं किंवा आत डीआरएलची, म्हणजे दिवसा पेटत्या राहणाऱ्या दिव्यांची, पट्टी टाकायची असं ठरलं, की सगळं लक्ष काच उघडण्याकडे जातं. पण दिवा पुढची चार वर्षं टिकणार की पहिल्याच पावसाळ्यात आतून घामेजणार, हे बंद करताना काच आणि बॉडीमधल्या खाचेत काय भरलं त्यावर ठरतं. नाशिकमध्ये दोनच गोष्टी सर्रास वापरल्या जातात. एक, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी सिलिकॉनची नळी. दुसरी, हेडलाइटसाठीच येणारा ब्युटाइलचा, म्हणजे चिकट रबराचा, काळा दोरा, जो बहुतेकदा मागवूनच घ्यावा लागतो.

निवड करण्याआधी कंपनीने काय भरलं आहे ते बघा. काच आणि बॉडी जिथे मिळतात त्या खाचेत बारीक स्क्रूड्रायव्हर खुपसा. काळा, मऊ, तार धरणारा डिंक लागला तर तो ब्युटाइलच्या जातीचा, उष्णतेने सुटणारा. टोक रुतलंच नाही आणि कडक रबर असल्यासारखं वाटलं, तर ते पॉलियुरेथेनसारखं कायमचं सीलंट. ते तापवून सुटत नाही, कापावं लागतं. असा दिवा निदान पहिल्या कामाला तरी घेऊ नये.

उघडण्याबद्दल थोडक्यात. बल्ब, मागची रबरी टोपणं, प्रकाश वर-खाली करणारी लेव्हलिंगची मोटर, सगळे स्क्रू आणि क्लिपा आधी काढा. एक स्क्रू विसरला की काचेची टॅब तुटलीच म्हणून समजा. ओव्हन 100 ते 110 अंशांवर आधी तापवून घ्यायचा, दिवा लाकडी फळीवर ठेवायचा आणि 8 ते 10 मिनिटांत काढायचा. घरातल्या ओटीजीत दुचाकीचा दिवा मावतो, कारचा सहसा मावत नाही. कोपरा कॉइलजवळ गेला तर तिथेच वितळतो. कारसाठी मोठा पुठ्ठ्याचा खोका आणि बाजूच्या भोकातून हीट गनची हवा हे जास्त सुरक्षित पडतं. पॉलिकार्बोनेटची काच 145 अंशांच्या आसपास मऊ पडते, पण मागची पॉलिप्रोपिलीनची बॉडी त्याच्या बरीच आधी स्वतःच्या वजनाने वाकू लागते. म्हणून घाई झाली तरी तापमान वाढवायचं नाही, हवं तर वेळ दोन मिनिटं वाढवायची.

आता सिलिकॉन. त्याच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. स्वस्त आहे, लगेच मिळतं, बंद करताना ओव्हन लागत नाही. तुटकी टॅब, वाकडी कड, मिलिमीटर-दोन मिलिमीटरची फट हे सगळं ते भरून काढतं. एप्रिल-मेच्या उन्हात ढिलं पडत नाही. पाणी अडवण्यात ते ब्युटाइलपेक्षा कमी आहे, असं मी म्हणणार नाही.

त्यात दोन अडचणी आहेत, पण त्यांच्यावर मार्ग निघतो. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं. बंद दिव्यात ती वाफ रिफ्लेक्टरवरच्या ॲल्युमिनियमच्या पातळ थराला आणि तांब्याच्या जोडांना त्रास देते. तेव्हा घ्यायचंच असेल तर नळीवर ‘न्यूट्रल क्युअर’ (म्हणजे सुकताना हे ॲसिड न सोडणारं) लिहिलेलं घ्या. दुसरं, ते हवेतल्या ओलाव्याने सुकतं, साधारण दिवसाला 2 ते 3 मिलिमीटर. खोल खाचेत, दोन्ही बाजूंनी प्लास्टिक असताना, वरून कडक झालेलं सिलिकॉन मध्ये तीन-चार दिवस कच्चं राहू शकतं. संध्याकाळी बंद केलेला दिवा सकाळी गाडीवर चढवून कसारा घाटाच्या पावसात नेणं म्हणूनच अंगाशी येतं.

माझ्यासाठी निकाल लावणारी गोष्ट वेगळीच आहे. कस्टम काम केलेला हेडलाइट एकदाच उघडून भागत नाही. डीआरएलला वीज पुरवणारा ड्रायव्हर (छोटं सर्किट) जातो. प्रोजेक्टर अर्धा अंश तिरका बसल्याचं रात्री भिंतीवर प्रकाश पाडल्यावर कळतं. काचेच्या आत एक केस किंवा रंगाची कपची दिसते आणि मग ती डोळ्यांसमोरून हटत नाही. दिवा पुन्हा उघडावा लागतो. ब्युटाइल असेल तर पुन्हा 10 मिनिटं ओव्हन, काच हातात. सिलिकॉन दोनशे अंशांनाही मऊ पडत नाही. तोवर दिव्याचा गोळा झालेला असतो. मग पातळ पातं खाचेत घालून इंच-इंच कापायचं, आणि त्यात काचेची कड किंवा खाचेची भिंत तडकतेच.

कापून निघालं तरी सुटका नाही. खरवडल्यावरही प्लास्टिकवर सिलिकॉनचा न दिसणारा पापुद्रा राहतो आणि त्यावर ब्युटाइल धरत नाही. तो काढायला थिनर किंवा ॲसिटोन घेतलं तर पॉलिकार्बोनेटला बारीक चिरा जातात. म्हणजे एकदा सिलिकॉन भरलं की तो दिवा कायमचा सिलिकॉनचाच झाला. घरगुती कामात ही गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते.

ब्युटाइलही सरळ नाही, हे मान्य. हात काळे होतात, तारा सुटून रिफ्लेक्टरवर पडतात, आणि रिफ्लेक्टर पुसता येत नाही. छपराच्या गळतीसाठी मिळणारी चंदेरी पाठीची पट्टी ‘ब्युटाइलच आहे की’ म्हणून भरू नका. बल्बच्या आणि उन्हाच्या उष्णतेत ती ओघळते. 8 ते 9 मिलिमीटर जाडीचा हेडलाइटचाच दोरा घ्या. कारच्या एका दिव्याला साधारण दीड ते दोन मीटर लागतो, पण सुतळी खाचेत फिरवून मोजलेलं बरं. थंडीत, विशेषतः निफाडकडे पारा 5 अंशांच्या आसपास उतरतो तेव्हा, दोरा कडक होतो आणि गार प्लास्टिकला धरत नाही. बॉडी आधी कोमट करून घ्यायची.

जुना डिंक तापलेला असतानाच खरवडून काढा आणि खाच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. दोरा न ताणता बसवा. ताणला की कोपऱ्यात बारीक होतो आणि पाणी तिथूनच शिरतं. टोकं एकमेकांवर दोन सेंटिमीटर चढवा आणि हा जोड दिव्याच्या वरच्या बाजूला ठेवा, खाली नको. मग सगळं पुन्हा 7-8 मिनिटं तापवून काच दाबायची, क्लिपा आणि स्क्रू लावायचे, कडेने क्लॅम्प आवळायचे आणि गार होईपर्यंत ते काढायचे नाहीत.

टेललॅम्पची गोष्ट मात्र निराळी. त्यांची काच बहुतेकदा ॲक्रिलिकची असते आणि बॉडीला वेल्ड केलेली असते. ॲक्रिलिक 100 अंशांच्या जवळच मऊ पडू लागतं, म्हणून ओव्हनचा प्रश्नच नाही. जोड कापूनच उघडतात. कापल्यावर ब्युटाइल धरायला खाचही उरत नाही, नुसत्या दोन सपाट कडा राहतात. तिथे न्यूट्रल सिलिकॉनच बरं, आणि आत टाकलेल्या एलईडीची जोडणी बंद करण्यापूर्वी तासभर पेटती ठेवून तपासलेली हवी.

काम बाहेर देणार असाल तर दिवा सोपवण्याआधी ‘बंद करताना काय भरणार?’ एवढं विचारा. उत्तर सिलिकॉन आलं तर दोरा स्वतः मागवून त्यांच्या हातात द्या.

बंद झाल्यावर मागची टोपणं लावा, दिव्यात हवा ये-जा करण्यासाठी असलेल्या नळ्यांपैकी एक सोडून बाकीच्या बोटाने किंवा टेपने बंद करा आणि उरलेल्या नळीतून तोंडाने हलकेच फुंका. जोडावर साबणाचं पाणी लावलेलं असेल तर गळती बुडबुड्याने दिसते. कॉम्प्रेसरची हवा देऊ नका, चांगला जोडही उघडतो. नंतर टेप आठवणीने काढा. हवेच्या नळ्या बुजलेल्या राहिल्या तर सील कितीही चांगलं असो, वाफ धरणारच. जुलैत बंद केलेल्या दिव्यात दमट हवा अडकते. पहिले दोन दिवस काचेच्या कडेला धुकं येऊन दिवे लावल्यावर अर्ध्या तासात विरत असेल तर काळजी नको. तळाशी थेंब साचत असतील तर काच पुन्हा उघडावी लागेल.